लॉन्ड्रीवरच्या दोन खोल्या

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दादाला फोन केला की तो "सगळं झकास" म्हणतो आणि ठेवून देतो. सख्ख्या बहिणीशी याहून दोन शब्द जास्त बोलला तर काय त्याची जीभ झिजणार आहे? म्हणून म्हटलं, मुकाट्यानं पेन उचलावं. तू निदान पानभर तरी लिहितेस. पण तुझंही पत्र येऊन किती महिने झाले बघ.

इकडची मोठी बातमी अशी, की हे जूनअखेर रिटायर होतायत. म्हणजे कारखान्याचं क्वार्टर सोडायचं. आणि म्हणजे आम्ही फ्लॅट घेतोय! आहेस ना उभी? आता बस. आम्ही नमुन्याचा फ्लॅट बघून आलो. आम्ही दोघं तिथल्या सोफ्यावर टेकलो तर तिथली मुलगी म्हणते, "मॅडम, तो फक्त दाखवायला आहे." हे लगेच उठून उभे राहिले, जसं काही त्यांनाच कोणी पकडलं.

कर्ज आमच्या ढब्बूच्याच कंपनीतून. तुम्ही दोघांनी माझ्या पोराला ढब्बू नाव ठेवलंत, आता तो टाय लावून हिंडतो आणि मोठमोठ्या माणसांना कर्ज देतो. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त कर्जं केली म्हणून त्याला चकचकीत ढाल मिळाली. ती मी शोकेसमध्ये मधोमध ठेवलीय. तो म्हणतो काढ. मी कशाला काढू? फक्त हल्ली तो जेवत नाही नीट. नाव ढब्बू आणि गालफडं बसलेली.

सुट्टीत आम्ही दोघं तुमच्याकडे येतोय. तुमच्या नव्या वरच्या मजल्यावर झोपणार. दादाला म्हणावं, चष्म्याच्या काचा घासायचं मशीन सकाळी सकाळी सुरू करू नकोस.

तुझी,
भिंगरी


१३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं, पण फिरत फिरत. नवीन पोस्टमन आलाय आणि त्याला आमची गल्ली सापडत नाही. यापुढे पाकिटामागे लिहिलेल्या पत्त्यावर पाठव. तो लॉन्ड्रीचा पत्ता आहे. हो, लॉन्ड्रीचा. तुझी वहिनी नोकरी करते! काउंटरवर बसते, कपडे मोजून घेते, चिठ्ठ्या लावते आणि खिसे तपासते. लोक खिशात काय काय विसरतात ते तुला सांगितलं तर तू हसून हसून पडशील. परवा एका गंभीर चेहऱ्याच्या वकिलाच्या कोटात शिट्टी निघाली. मी ती परत दिली तर म्हणाला, "कुणाला सांगू नका." मी कुणाला सांगितलं नाही. तुला काय, तू घरचीच.

लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातात माझा पगार आला. दोन दिवस नुसता कपाटात ठेवून बघत होते.

तुझा दादाही आता बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात जातो. मालक त्याच्या निम्म्या वयाचा आहे, 'काका, काका' करतो. सहाला दुकान बंद, साडेसहाला हा घरी. पूर्वी रात्री जेवायला हाका मारून घसा बसायचा माझा.

फ्लॅटचं ऐकलं. भिंगरी, घाई करू नका गं. एखादं वर्ष भाड्यानं राहून बघा की. माणसं राहतात भाड्यानं, काही बिघडत नाही. आणि सुट्टीत नका येऊ एवढ्यात. वरचा मजला अर्धाच आहे, घराचं सगळं मध्येच लटकलंय. सवडीनं सांगेन.

ढब्बूला जेवायला घाल. ढाल काढायची तर काढू दे त्याला.

तुझी,
वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

'प्रिय' लिहीत नाही, कारण मी चिडलेय. आणि घाबरलेय.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं. तू नोकरी करतेस. पत्ता दुसरा. दादा दुसऱ्याच्या दुकानात जातो, म्हणजे घरात बसवत नाही त्याला. आम्हाला येऊ नका म्हणतेस. वहिनी, खरं सांग, तू दादाला सोडून गेलीस का?

माझा भाऊ कसा आहे ते मला माहीत आहे. घोरतो, ओला टॉवेल पलंगावर टाकतो, बोलत नाही. पण या वयात? मी त्याला फोन करून विचारणार होते, पण हे म्हणाले, आधी तिचं ऐकून घे. म्हणून लिहितेय. तुझी बाजू असेल तर मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. तो माझा भाऊ आहे पण मी शाळेत असल्यापासून तू माझ्या वेण्या घातल्यास.

आणि भाड्याचं काय मध्येच काढलंस? आयुष्य गेलं दुसऱ्याच्या भिंतींत. आता मला माझी हवी. ढब्बू नुसता टोलवाटोलवी करतोय. कधी म्हणतो शिक्का राहिला, कधी म्हणतो साहेब रजेवर. आईबापाच्या कामाला वेळ नाही त्याला! मी ठरवलंय, येत्या सोमवारी सरळ त्याच्या साहेबाकडे जाणार. तो फोनवर इतकं गोड बोलला. म्हणाला, "या ना, सही करा, बाकी आम्ही बघतो."

ताबडतोब उत्तर दे.

भिंगरी


२३ फेब्रुवारी, स्पीडपोस्टानं

प्रिय भिंगरी,

आज सकाळी मी फोनवर एवढंच म्हणाले, "माझं पत्र येईपर्यंत कुठेही सही करू नकोस," आणि ठेवला. कारण फोनवर मला रडू येतं आणि तू मध्ये मध्ये बोलतेस. आता शांतपणे वाच.

आधी हे, की मी तुझ्या दादाला सोडलेलं नाही. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. 'ओला टॉवेल'पर्यंत आले आणि तो इतका हसला, की खालून लॉन्ड्रीचा मालक बघायला आला. त्याचं असं हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. टॉवेल मात्र अजून पलंगावरच टाकतो.

आम्ही दोघं या लॉन्ड्रीच्या वर राहतो, भिंगरी. दोन खोल्या आहेत. घर गेलं आपलं.

वरच्या मजल्यासाठी कर्ज काढलं होतं. घर केव्हाचं फेडून झालेलं, आमचं दोघांचं व्यवस्थित चाललेलं. पण सांगितलं गेलं, की घर नुसतं उभं ठेवण्यात काय अर्थ, त्याच्यावर कर्ज घ्या, वर मजला चढवा, भाडं येईल, त्यातच हप्ता सुटेल. पहिली दोन वर्षं हप्ता अगदी किरकोळ होता. तिसऱ्या वर्षी दुप्पट झाला. कागदावर होतं म्हणे तसं, खाली बारीक अक्षरात. लोकांना बारीक अक्षरं दिसावीत म्हणून जन्मभर काचा घासल्या या माणसानं, आणि स्वतःच्या घराच्या कागदावर भरवशानं सही केली.

मजला अर्धा राहिला. भाडेकरू कुठून येणार? मग मशीन विकलं, माझे दागिने विकले. दर महिन्याला वाटायचं, एवढा महिना निघाला की झालं. मग नोटीस आली, मग दुसरी, मग एक दिवस कंपनीची माणसं कुलूप घेऊन आली.

त्या दिवसाचं एकच सांगते. तुझा दादा रिकाम्या पुढच्या खोलीत जमिनीवर बसला होता, जिथे त्याचं मशीन असायचं तिथे. समोरच्या घरांतले पडदे हलत होते, बाहेर कोणी येईना. कुलूपवाला मुलगा सज्जन होता बिचारा. त्याला दार लागेना. तेव्हा हा उठला आणि म्हणाला, "खालून जरा उचलून ओढ, मग बसतं." आणि स्वतःच ओढून दाखवलं. 

नंतरचे महिने वाईट गेले. हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मला भीती वाटायची त्याला एकटं ठेवायची. म्हणून मी खाली काउंटरवर काम मागितलं, म्हणजे पाच मिनिटांत वर येता येईल. मग चष्म्याच्या दुकानवाल्यानं बोलावलं त्याला आणि हळूहळू माणूस ताळ्यावर आला. आता बरे आहोत, खरंच बरे आहोत. खालच्या बॉयलरमुळे थंडीत खोल्या ऊबदार असतात आणि घरभर साबणाचा वास. शेजारी बोलके आहेत. पोस्टमनला गल्ली सापडत नाही, हे पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं.

तुला सांगणार नव्हतो. दादाला लाज वाटत होती. पण तू सोमवारी त्याच टेबलाशी बसणार म्हटल्यावर गप्प कशी राहू? सही करू नकोस. आणि यातलं ढब्बूला काही बोलू नकोस. त्याच्या मनाला लागेल.

तुझी,
वहिनी


३ मार्च

प्रिय वहिनी,

ज्या बाईनं मला वकिलाच्या खिशातली शिट्टी सांगितली, तिनं कर्ज कुणी दिलं ते सांगितलं नाही. 'सांगितलं गेलं' असं लिहिलंस तू. कुणी सांगितलं? आणि 'त्याच टेबलाशी' म्हणजे कुठल्या? आणि ढब्बूच्या मनाला का लागावं?

मी पत्र दुमडलं आणि रात्री जेवताना त्याला एवढंच विचारलं, "मामाचं घर गेलं, तुला माहीत होतं?"

त्याचा घास हातातच राहिला. उठून गॅलरीत गेला. मी मागे गेले तर कठड्याला धरून उभा होता, लहान असताना शाळेत जायचं नसलं की उभा राहायचा तसा. म्हणाला, "आई, मीच केलं ते."

सगळं सांगितलं त्यानं. दर महिन्याला इतकी कर्जं करायचीच, नाहीतर साहेब सगळ्यांसमोर उभं करायचा. अनोळखी दारं संपली तेव्हा ओळखीची दारं वाजवायला सांगितली. दादाची कमाई कागदावर त्यानं स्वतः वाढवून लिहिली. तसंच लिहायचं असं शिकवलंच होतं. हप्ता वाढणार हे त्याला माहीत होतं. मामाला म्हणाला, "थोडा वाढेल." घर गेल्यावर साहेबाकडे गेला होता, तर साहेब म्हणाला, "नातेवाईक होते तर आधीच विचार करायचा." आणि पुढच्या महिन्यात ती ढाल दिली.

आमची फाईल त्यानं ड्रॉवरमध्ये दाबून ठेवली होती. शिक्का राहिला, साहेब रजेवर, सगळं खोटं. नको म्हणायची हिंमत नव्हती आणि करायचाही धीर नव्हता. आणि मी त्या साहेबाकडे नटूनथटून जाणार होते!

वहिनी, तुला सगळं माहीत होतं आणि तू मला लिहिलंस, त्याला जेवायला घाल. मी ते वाक्य वाचते आणि मला रडू आवरत नाही.

फ्लॅट रद्द केला. माझे दागिने आहेत, यांचा फंड येईल. ते सगळं तुम्ही घ्या. हे पण तेच म्हणतात. पण आता तुमच्या दारात मी कुठल्या तोंडानं येऊ?

भिंगरी


१० मार्च

प्रिय भिंगरी,

दागिने घालून मिरव. फंड बँकेत ठेव, म्हातारपणी औषधांना लागेल. त्यातला एक पैसा या जिन्यावर चढला तर मी तो लॉन्ड्रीच्या मशीनमध्ये टाकीन.

तुझं पत्र तुझ्या दादानं स्वतः वाचलं आणि घडी घालून ठेवलं. मग म्हणाला, "मला राग नाही असं तिला लिहू नकोस. राग आहे. पोरानं मला फसवलं. पण त्या कागदावर माझी कमाई किती लिहिलीय ते मी पाहिलं होतं. खोटी आहे हे मला कळत होतं. पण वाचून बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कागदावर मी मोठा माणूस झालो होतो." हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं, भिंगरी. इतकी वर्षं शेजारी झोपतो, आणि हे आत्ता कळलं.

मी विचारलं, मग काय लिहू? तर म्हणाला, "लिही, त्याला पाठवून दे. टाय न लावता यायला सांग."

तू मात्र त्याच्याबरोबर येऊ नकोस. तू आलीस की तो तुझ्या मागे लपेल. आणि तोंडाचं काय विचारतेस? जे आहे तेच घेऊन ये, पण नंतर.

तुझी,
वहिनी


२ मे

प्रिय भिंगरी,

तू फोनवर रोज "काय चाललंय" विचारतेस आणि तुझा मुलगा "सगळं झकास" म्हणतो. मामाचं वळण लागलं त्याला. तेव्हा मीच सविस्तर लिहिते.

आला त्या दिवशी जिन्यात खालीच बसून राहिला. मला वाटलं कोणी गिऱ्हाईक आहे. शेवटी दादा कामावरून आला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ऊठ, चल." वर आणलंच नाही. सरळ आपल्या जुन्या गल्लीत घेऊन गेला. मीही काउंटर सोडून मागोमाग गेले, म्हटलं काय करतोय हा.

आपल्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. खिडकीला पिवळे पडदे लावलेत, चांगले दिसतात.   तुझा दादा तिथे थांबला नाही. पुढच्या घरांकडे बोट करून विचारत गेला, "हे तू केलंस? आणि हे?" ढब्बू दर वेळी मान हलवायचा. दोन घरांना कंपनीची कुलुपं होती. शेवटच्या घरात आपला बसड्रायव्हर अजून राहतो, तोच गं, तू धावत आलीस की बस थांबवून ठेवायचा. त्यालाही लिलावाची नोटीस आलेली. दादानं त्याचं दार वाजवलं आणि ढब्बूला पुढे केलं. "याला सांग, कागद कसा भरला होतास."

मला वाटलं ड्रायव्हर त्याला मारणार. उठलाच होता. त्याच्या बायकोनं हात धरला आणि म्हणाली, "मारून काय होणार? आधी सांगू दे त्याला."

ढब्बूनं त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. ड्रायव्हरच्या ओळखीत एक वकीलबाई होत्या. त्यांनी स्पष्ट बजावलं, "हे कोर्टात शपथेवर बोललास तर नोकरी जाईल, वर तुझ्यावरही शेकू शकतं." पोरगा त्या रात्री जेवला नाही. सकाळी उठून म्हणाला, "मामी, चहा दे. मग जातो." आणि वकीलबाईंकडे जाऊन कोर्टासाठी शपथेवर सगळं लिहून दिलं.

नोकरी गेली, ते तुला माहीत आहे. बाकीचं आज कळलं. कोर्टानं लिलाव थांबवला. कंपनीचा वकील म्हणाला, जुन्या हप्त्यावर तडजोड करू, सगळे कागद उघडायला नकोत. पण वकीलबाई म्हणाल्या, त्या दोन कुलूपबंद घरांचंही बोला, मगच. तेही मान्य झालं! ड्रायव्हरची बायको मघाशी लॉन्ड्रीत आली. कपडे नव्हतेच तिच्याकडे, नुसती काउंटरवर हात ठेवून उभी राहिली. मग आम्ही दोघी हसायला लागलो.

आपलं घर परत मिळणार नाही. ते विकलं गेलंय आणि त्या पडदेवाल्या पोरांना बाहेर काढावं असं आम्हालाही वाटत नाही. वकीलबाईंनी नुकसानभरपाईचा अर्ज केलाय, वर्षं लागतील म्हणाल्या. दादा म्हणाला, लागू देत, मला सहाला सुट्टी असते.

ढब्बू सकाळी लॉन्ड्रीची गाडी चालवतो आणि दुपारी वकीलबाईंकडे लोकांना कागद वाचून समजावतो. मामा-भाचे अजून पूर्वीसारखे बोलत नाहीत. पण काल ढब्बूनं ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि दादा त्याच्यावर ओरडला. मला फार बरं वाटलं ते ऐकून. तो आता दोनदा वाढून घेतो. गालफडं भरतायत.

आता मुद्द्याचं. आमच्या शेजारच्या दोन खोल्या जूनमध्ये रिकाम्या होतायत. तिथली नर्स बदली होऊन चालली. भिंती आपल्या नसतील, पण ऊन सकाळचं येतं, घरमालकीण समजूतदार आहे आणि दोन्ही घरांची गॅलरी एकच. तू हट्ट करशील हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते, मी तिला "कुणाला देऊ नका" म्हणून ठेवलंय. नको असेल तर तूच येऊन नाही म्हण.

तुझी,
वहिनी


९ मे

प्रिय वहिनी,

नाही म्हणायला येत नाही. राहायला येते.

यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी बघितलं तर माळ्यावरून खोकी काढत होते. ढाल मी शोकेसमधून काढली. भंगारवाल्यानं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "बाई, हे पितळ नाही, नुसता मुलामा आहे." मी म्हटलं, घेऊन जा तसंच.

मोठं कपाट विकतेय, तुमच्या जिन्यात ते वळणार नाही. झोपाळ्याची खुर्ची आणणार आहे, ती गॅलरीत मधोमध ठेवू. दादाला सांग, पाळीपाळीनं बसायचं. ढब्बूला सांग, त्याच्यावर मी अजून रागावलेली आहे आणि त्याचा निळा शर्ट इस्त्री करून आणतेय.

ट्रक जूनच्या शेवटच्या रविवारी निघेल. पहिल्या दिवशी स्वयंपाक तू कर. मी नुसती बसून बोलणार आहे. खूप साठलंय, आणि आता लिहीत बसायची गरज नाही. भिंतीवर टकटक केलं तरी पुरेल.

तुझी,
भिंगरी